लग्न आधी की नोंदणी आधी? व्हिसाच्या शंकेमागचा इतिहास

खान्देशात मेळाव्यात स्थळ पसंत पडतं, सुपारी फुटते आणि सुट्टीवर आलेला मुलगा पंधरा दिवसांत बोहल्यावर चढून अमेरिकेला परततो. घरच्यांना यात वावगं काही वाटत नाही. व्हिसा कचेरीत मात्र हीच घाई डोळ्यांवर येते.

लग्न फक्त व्हिसासाठी तर नाही ना, ही शंका जुनी आहे. 1945 च्या अमेरिकी कायद्याने सैनिकांच्या परदेशी बायकांना सहज प्रवेश दिला. त्याचा फायदा उठवायला पॅरिसला जाऊन लावलेल्या लग्नांचा लुटवाक खटला 1953 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. विधी रीतसर झाले का, यापेक्षा एकत्र नांदायचा इरादा होता का, हे महत्त्वाचं ठरलं.

ब्रिटनने हा इरादा फार ताणला. देशात येणं हा लग्नाचा मुख्य हेतू नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं, असा नियम 1980 च्या दशकात होता. नसलेल्या हेतूचा पुरावा आणायचा कुठून? त्यातून रीतीने मुलगी सासरी जाते, मग नवरा बायकोच्या देशात का येतो, असा उलटा प्रश्न विचारून ठरवून केलेली लग्नं फेटाळली गेली. हा अन्याय जून 1997 मध्ये संपला.

अमेरिकेने 1986 मध्ये दुसरी वाट धरली. लग्नाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ते दोन वर्षांपुरतंच. ती मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत ते कायम करून घ्यायला दोघांनी मिळून आय-751 अर्ज भरायचा. नवऱ्याने सही नाकारली की बायको अडकायची. छळ सोसणारीला एकटीने अर्ज करण्याची सोय 1990 मध्ये झाली.

आपल्याकडची मोठी चूक वेगळीच आहे: व्हिसासाठी आधी नोंदणी, सहा महिन्यांनी मांडव. प्रमाणपत्रावर एक तारीख, पत्रिकेवर दुसरी. हिंदू विवाह कायद्याखाली विधीशिवाय नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं, आणि व्हिसासाठी अशी नोंदणी करण्यावरही ताशेरे ओढले. खरोखरच घाई असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावं. दोघांपैकी एक 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, 30 दिवसांची वाट आणि तीन साक्षीदार. या कायद्याने लग्न लागतं, तीच लग्नाची तारीख. अर्जात सगळीकडे तीच लिहावी, मांडवाचा समारंभ वेगळा सांगावा.

बस्त्याची बिलं, आहेराची वही आणि वरण-बट्टीच्या पंगतीत दोन्हीकडचे नातेवाईक दिसणारे फोटो जपून ठेवा. नुसते जोडीचे, सजवलेले फोटो फारसे कामाला येत नाहीत.