मराठवाड्यातील सोयाबीन आणि जागतिक बाजार

लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली, परभणी आणि बीड या जिल्ह्यांत खरिपाचे प्रमुख नगदी पीक असलेले सोयाबीन मुख्यतः अल्पभूधारक, कोरडवाहू शेतकरी पिकवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा व्यवहार तालुक्याच्या किंवा लातूरच्या आडतीवरच संपतो; तरीही त्यांच्या कट्ट्याचा, म्हणजे पोत्याचा, भाव शिकागोचा वायदेबाजार (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा बाजार), ब्राझील-अर्जेंटिनातील पीकपाणी आणि इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल यांच्याशी बांधलेला असतो.

याचे कारण दाण्यातच आहे. सोयाबीनमधून तेल जेमतेम १८ ते २० टक्के निघते आणि उरते ती पेंड, जिला व्यापारात डीओसी (डी-ऑइल्ड केक) म्हणतात. तेलाची गाठ आयात पामतेलाशी पडते, तर पेंडीची दक्षिण अमेरिकेच्या पेंडीशी. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नसल्याने काही परदेशी ग्राहक येथील पेंडीला जादा दर देतात. शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, मात्र त्याचा वेगळा रकाना नसतो.

धोरणाचा परिणाम याहून थेट दिसतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर भाव क्विंटलमागे १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचले असता केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली, सुगीपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही थांबवले गेले. याउलट सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवूनही, पेंडीला उठाव नसल्याने, बाजार ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. केवळ तेल महाग करून सोयाबीन सावरत नाही, हे त्या हंगामाने दाखवले.

प्रत्यक्ष सौद्यात खरेदीदार मूठभर दाणे हातात घेतो, डाग आणि काडीकचरा पाहतो आणि यंत्रावर ‘हवा’ म्हणजे ओलावा मोजतो. १० टक्क्यांहून जास्त हवा निघाली की भाव तुटतो. परतीच्या पावसात बनीम, म्हणजे कापून रचलेली गंजी, भिजलेल्या वर्षी ही घट बाजारातल्या मंदीपेक्षाही जड जाते. सरकारी खरेदीची मर्यादा १२ टक्क्यांची असून २०२४ मध्ये ती १५ पर्यंत शिथिल करावी लागली.

माल थांबवून ठेवण्यासाठी बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज मिळते. गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी दिली जाते. शेतकरी उत्पादक कंपन्या गावातच माल वाळवून, चाळून एकत्रित लॉट थेट प्रक्रिया कारखान्यास देऊ शकतात. परंतु दिवाळीपूर्वी मजुरी, उधारी आणि रब्बीच्या बियाण्याची नड उभी असलेला शेतकरी सहसा मळणी झाल्याबरोबर, ट्रॉली भरून, आडतीवरच उतरतो.