निवडलेला चिटणीस की नेमलेला लीडर? मराठी मंडळ्यांतल्या तरुण संघाची पार्श्वभूमी

वार्षिक सभा तोंडावर आली की बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, एक वाद हमखास डोकं वर काढतो. तरुणांचा पुढारी तरुणांनी निवडायचा, की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने नेमायचा? वरवर पाहता हा खुर्चीचा वाद. पण तो समजायचा तर ‘तरुण संघ’ हे नाव ‘युवा सेवा’ कधी आणि कसं झालं ते पाहावं लागतं.

सुरुवात थोडक्यात. इंग्लंड-अमेरिकेत तरुणांसाठी वेगळ्या संस्था निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकात. 1844 साली लंडनच्या कापड दुकानांत काम करणाऱ्या पोरांनी वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना काढली, आणि 1875 पर्यंत ती मुंबईत पोचली. पण ती मंडळीबाहेरची संस्था होती. मंडळीच्या आतला तरुण संघ आपल्याला मिळाला तो दुसऱ्या वाटेने. 2 फेब्रुवारी 1881 रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंडच्या एका तरुण पाळकाने (पास्टरने) आपल्या मंडळीतल्या मुलामुलींना घरी बोलावलं आणि ख्रिस्ती एंडेव्हर सोसायटी सुरू केली. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘सी. ई.’ एवढीच उरली. हा पाळक काँग्रिगेशनल पंथाचा, आणि नगर-सोलापूर भागात काम करणारं अमेरिकन मराठी मिशनही त्याच पंथाचं. त्यामुळे सी. ई. नगरला पोचायला वेळ लागला नाही. 1909 मध्ये तर तिचं जागतिक अधिवेशनच आग्र्याला भरलं.

सी. ई.ची घडण इथे सांगायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातूनच निघतो. सभासद होताना लेखी वचन द्यायचं: रोज प्रार्थना, रोज शास्त्रवाचन, आणि प्रत्येक सभेत नुसतं बसायचं नाही, काहीतरी बोलायचं किंवा करायचं. महिन्यातून एकदा सर्वांची नावं पुकारली जात आणि प्रत्येकाला उभं राहून वचनाला जागल्याचं सांगावं लागे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि लहान लहान समित्या, सगळं मुलांच्या हातात. त्यातली एक समिती नवे सभासद आणायची आणि जे दिसेनासे झाले त्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची. आज ‘फॉलो-अप’ म्हणून जे शिबिरात शिकवतात ते हेच, फक्त तेव्हा ते अठरा वर्षांची पोरं आपल्याच वयाच्या पोरांसाठी करत होती.

आमच्या मंडळीतल्या तरुण संघाच्या इतिवृत्ताची एक वही मी पाहिली आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड. दर वर्षी अक्षर बदलतं, कारण दर वर्षी चिटणीस बदलतो. मजकूर मात्र ठरलेला: पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम केला, हजर अमुक, जमा अमुक, पुढील सभेत साक्ष कोणी द्यायची, चहा कोणाकडे. एका पानावर, ‘अध्यक्षांनी सभेस येण्यास उशीर केल्याबद्दल सभेने नापसंती नोंदविली.’ अध्यक्षाचं वय तेव्हा फार तर बावीस असेल. आपल्याच निवडलेल्या माणसाला लेखी नापसंती कळवायची ही सवय मंडळीतल्या पोरांना या वहीने लावली. पुढे त्यातले कितीतरी जण पास्टोरेट कमिटीवर, पतपेढ्यांवर, शिक्षक संघटनांत गेले. तिथे ठराव कसा मांडायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. संघ एकट्याच्या बळावर चालत नव्हता. त्याच्यामागे मिशनच्या शाळा आणि बोर्डिंगं उभी होती. खेड्यातली मुलं बोर्डिंगात यायची, पहाटेची प्रार्थना, रविवारची शाळा, गायनाचा वर्ग सगळं तिथेच व्हायचं. ना. वा. टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर पाठ व्हायची तीही तिथेच. संघाला मुलं शोधावी लागत नव्हती, ती आयती जमलेली असत. मिशनरी परतले, बोर्डिंगं एकेक करून आटली, आणि जे काम एक अख्खी व्यवस्था करत होती ते शनिवार संध्याकाळच्या दीड तासावर येऊन पडलं. तरुण संघ का ओसरला याची कारणं शोधताना लोक मोबाईलवर बोट ठेवतात. माझ्या मते बोर्डिंगाची घंटा थांबली तेव्हाच निम्मं काम झालं होतं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्याच्या मोठ्या इतिहासात शिरायचं कारण नाही. संघापुरतं सांगायचं तर प्रत्येक पंथाची तरुणांची संघटना वेगळी, तिचा कायदा वेगळा. काहींकडे सी. ई., अँग्लिकनांकडे पाळकाच्या देखरेखीखाली चालणारं फेलोशिप. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐन वेळी एकीकरणातून बाहेर राहिले, त्यांची एम. वाय. एफ. (मेथडिस्ट यूथ फेलोशिप) तशीच चालू राहिली. एकत्र आलेल्यांना आता एकच नियमावली करायची होती. तिथे दोन स्वभाव समोरासमोर आले: एक म्हणतो तरुण आपला कारभार आपण बघतील, दुसरा म्हणतो तरुण हा पाळकाच्या कळपाचा भाग आहे, वेगळा कारभार कसला? कागदावर मधला मार्ग निघाला. पाळक पदसिद्ध अध्यक्ष, बाकी पदाधिकारी निवडून. प्रत्यक्षात कुठला स्वभाव वरचढ ठरला हे गावागणिक बदलत गेलं.

नव्वदच्या दशकापासून ‘संघ’ हा शब्द मागे पडू लागला आणि ‘सेवा’ आला. इंग्रजीतून आलेल्या शिबिरांत आणि पुस्तकांत ‘मिनिस्ट्री’ हा जो शब्द होता त्याला मराठीत ‘सेवा’ हेच नाव सोयीचं होतं. बायबलमध्ये तो आहे, कानाला गोड आहे, आणि ‘संघ’ म्हटलं की दुसऱ्याच संघटनेचा भास होतो हेही काहींनी बोलून दाखवलं. पण ‘तरुणांची सेवा’ यात षष्ठी कोणती? आईची सेवा म्हटलं की आई बसलेली असते आणि पाय आपण चेपतो. पाळकसाहेबांची पंचवीस वर्षांची सेवा म्हटलं की कष्ट पाळकसाहेबांचे. मग तरुणांची सेवा म्हणजे तरुणांनी केलेली, की तरुणांना दिलेली? कुणी हे विचारलं नाही. विचारायची गरज कुणाला वाटलीच नाही, कारण बोलणाऱ्याला काय अभिप्रेत आहे हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळायचं. कमिटीतले वडील म्हणाले की अर्थ ‘तरुणांसाठी’, पोरं म्हणाली की ‘तरुणांकडून’.

संघाचा तुम्ही सभासद असता. वर्गणी देता, मत देता, नापसंती नोंदवता. सेवेचा कुणी सभासद नसतो. सेवा एकतर तुम्ही करता, नाहीतर घेता. त्यामुळे शब्द बदलला तशी निवडणूक अनाठायी वाटू लागली. सेवकाला पाचारण होतं, त्याला मतदान कसलं? या एका वाक्यावर कितीतरी मंडळ्यांतल्या निवडणुका बंद झाल्या. चिटणीस गेला, ‘यूथ लीडर’ आला. पोरं त्याला दादा म्हणतात, ती असली तर ताई. दादाला नापसंती कशी कळवणार?

पैशाची बाजूही याच सुमाराला बदलली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. संघाचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः नाताळाच्या गाण्यांच्या वेळी फिरवायची दानपेटी. डिसेंबरच्या थंडीत रात्री घरोघर गाणी म्हणत फिरायचं, पुढे बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा, मागे ढोलकी. घरवाले करंज्या-चकल्यांची ताटली आणतात आणि पत्र्याच्या डब्याच्या भोकातून नोट घालतात. तो डबा खजिनदाराच्या घरी उघडला जायचा, सगळ्यांसमोर, चटईवर. उन्हाळी शिबिर, एखाद्याची कॉलेजची फी, कुणाच्या आईच्या आजारपणातला डबा, सगळं त्यातून. पुढे हिशेबतपासणीचा प्रश्न आला. मंडळीच्या मालमत्ता 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या असतात, आणि मंडळीच्या नावाने गोळा झालेला पैसा मंडळीच्या पुस्तकांत दिसला पाहिजे, असं हिशेबनीस म्हणणारच. त्यात गैर काही नाही. पण डबा ऑफिसात जमा होऊ लागल्यावर शिबिरासाठी कमिटीकडे अर्ज करणं आलं, आणि अर्जाचा विचार पुढच्या बैठकीत करणं आलं. तोवर सुट्टी संपलेली असते.

वयाचा घोळ याच्याच जोडीचा. तरुण कोण? संयुक्त राष्ट्रसंघ 15 ते 24 धरतो. आपल्या सरकारच्या 2003 च्या युवा धोरणात 13 ते 35 होतं, 2014 च्या धोरणात ते 15 ते 29 झालं. 2018 मध्ये रोममध्ये तरुणांवर बिशपांची सभा भरली, तिने साधारण 16 ते 29 धरलं. आमच्याकडच्या रिवाजात पस्तीसचा आकडा रुळला आहे, आणि तो टिकला त्याचं कारण धर्मशास्त्रात शोधू नये. पस्तिशीचा माणूस कमिटीच्या निवडणुकीत उपयोगी पडतो. 1989 पासून देशात अठराव्या वर्षी मतदान करता येतं. मंडळीत मात्र दृढीकरण होऊन पूर्ण सभासद झालेल्या अठरा वर्षांच्या मुलीचं मत किती मोजतात हे तिलाच विचारावं. मुलींच्या बाबतीत तर वयोमर्यादा वेगळीच आहे. लग्न झालं की मुलगी सासरच्या मंडळीत जाते, तिथे दुसऱ्या रविवारी तिला महिला संघात बसवतात. मुलगा लग्न होऊन, दोन लेकरं होऊनही तरुणच.

नेमणुकीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा आला तो बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण त्या कायद्यापुढे बालक आहे, आणि अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे ज्या गटात चौदा वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांचा पुरुष एकाच शिबिराला जातात, तिथे कुणीतरी नाव-पत्त्यासह जबाबदार असलाच पाहिजे. एक वर्षासाठी निवडून आलेल्या वीस वर्षांच्या पोरावर ते ओझं टाकणं बरोबर नाही. इथे नेमणूकवाल्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. फक्त यातून निघायला हवी होती ती वयाची फाळणी: अठराखालचे एका गटात, जबाबदार मोठ्यांच्या हाती, अठरावरचे आपल्या वहीसह दुसऱ्या गटात. बहुतेक ठिकाणी निघालं ते उलटंच. गट एकच राहिला आणि अठ्ठावीस वर्षांच्या नोकरदारालाही शिबिराच्या गेटबाहेर चहाला जायला परवानगी मागावी लागू लागली.

वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे सुरुवातीपासून फादर सोबत असतात, जागतिक युवा दिनाची परंपरा 1980 च्या दशकात रोमहून आली, आणि निवडलेले पदाधिकारी व नेमलेला मार्गदर्शक एकत्र नांदतात. आमच्यातले काही जण तो दाखला देतात. पण तिथली माणसं गाव सोडून फारशी जात नाहीत, मुंबईची लोकल दारात आहे. नगर, जालना, सोलापूरकडच्या मंडळ्यांतला मुलगा बारावीनंतर पुण्याला जातो तो सणालाच दिसतो. लीडर तयार व्हायला तीन वर्षं लागतात, आणि तिसऱ्या वर्षी त्याला चाकण किंवा हिंजवडी बोलावते. नेमलेला असो की निवडलेला, तो जातोच. फरक एवढाच की निवडलेला जाताना वही पुढच्याकडे देऊन जात असे, नेमलेल्याच्या जागी कमिटी नव्याने माणूस शोधते आणि मधलं वर्ष कोरडं जातं.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या मंडळ्यांनी गेल्या वीसेक वर्षांत पगारी यूथ पास्टर ठेवून बघितले आहेत. मार्च 2020 च्या टाळेबंदीत सभा झूमवर गेल्या तेव्हा ज्याच्याकडे लॅपटॉप आणि बरं नेट तोच आपोआप लीडर झाला. ना निवडणूक, ना नेमणूक. टाळेबंदी उठल्यावर गाणी पडद्यावर दिसू लागली ती तशीच राहिली. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना देवनागरी भराभर वाचता येत नाही म्हणून टिळकांची गीतं रोमन अक्षरांत टाईप केलेली असतात, आणि ‘ळ’ कुठे आला हे ओळखण्यासाठी पोरं मागच्या बाकावरच्या आजीच्या आवाजाकडे कान देतात.

मी पाहिलेली ती वही आता ऑफिसच्या कपाटात आहे. शेवटची नोंद अर्ध्या पानावर थांबते: पुढील सभेचा चहा कोणाकडे, एवढं लिहिलेलं आहे, नाव लिहायचं राहिलं आहे.