परत आलेल्या मेलची पार्श्वभूमी

आपोआप ई-मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रामला) कुणी हात लावलेला नसतो, तरी कालपर्यंत बिनबोभाट जाणारे मेल अचानक परत येऊ लागतात. आपण कोड तपासत बसतो. बदललेले असतात ते टपालाचे नियम. हे नियम कोणत्या क्रमाने आले ते माहीत असलं, की परत आलेला मेल वाचता येतो.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीची, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल कसा द्यायचा याची, नियमावली लिहिली, तेव्हा नेटवर्कवर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्थांची वर्दळ होती. पाठवणारा सर्व्हर स्वतःचं नाव सांगे, दोन्हीकडचे पत्ते देई आणि मजकूर सोपवी. तो खरं बोलतो आहे का, हे कुणी विचारत नसे.

त्या नियमावलीतली एक गोष्ट आजही अनेकांना चकवते. मेलवर पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात: एक लिफाफ्यावर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, दुसरा आतल्या मायन्यात, म्हणजे मेलच्या ‘फ्रॉम’ ओळीत. वाचणाऱ्याला मायना दिसतो, पण न पोचलेल्या मेलची सूचना लिफाफ्यावरच्या पत्त्यावर जाते. वेबसाइटवरच्या स्क्रिप्टने लिफाफ्यावरचा पत्ता स्वतः दिला नाही, तर तिथे बऱ्याचदा सर्व्हरच्या खात्याचं नाव पडतं. मग शेकडो मेल परत येतात ते कुणीच न उघडणाऱ्या पेटीत. शोध सुरू करायचा तो इथून, असं माझं ठाम मत आहे. परतीच्या सूचनेच्या लिफाफ्यावर मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना सूचना पाठवतच राहिले असते.

मेल का परत आला याचं कारण सूचनेतल्या आकड्यांत लिहिलेलं असतं. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण. सर्व्हर चार-पाच दिवसही प्रयत्न करत राहू शकतो. ५ म्हणजे कायमचा नकार. १९९६ मध्ये तीन भागांचे तपशीलवार आकडे आले: ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली, ५.७ ने सुरू होणारे आकडे सुरक्षेचे किंवा धोरणाचे.

नव्वदच्या दशकात कुणाचाही मेल पुढे ढकलणारे उघडे सर्व्हर जाहिरातबाजांच्या हाती लागले आणि भराभर कुलपं आली. डिसेंबर १९९८ मध्ये मेल सुपूर्द करण्यासाठी ५८७ हे वेगळं पोर्ट (सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार), जानेवारी १९९९ मध्ये स्टार्टटीएलएस, मार्चमध्ये लॉगिन. स्टार्टटीएलएसमध्ये संभाषण उघड्यावर सुरू होतं आणि मग कूटबद्ध होतं. कूटबद्ध बोलता येतं हे सर्व्हर आधी सांगतो; मधल्या कुणी ते सांगणंच गाळलं, तर ढिली स्क्रिप्ट पासवर्ड उघड्यावर पाठवून मोकळी होते. म्हणून कूटबद्ध झालं नाही तर थांब, हे स्क्रिप्टला स्पष्ट सांगावं लागतं. पायथॉन भाषेच्या एसएमटीपीलिब या मेल पाठवण्याच्या साधनात तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासायलाही वेगळं सांगणं शहाणपणाचं. पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असलेलं ४६५ पोर्ट १९९७ मध्ये नोंदवलं गेलं, लगेच रद्दही झालं, पण लोकांनी ते सोडलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये ते पुन्हा अधिकृत झालं. नव्या स्क्रिप्टसाठी मी तेच निवडेन.

राहिला प्रश्न खोट्या नावाचा. एखाद्या डोमेनचे (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचे) मेल कोणत्या सर्व्हरवरून यावेत हे सांगणारं एसपीएफ २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, मेलवर सही करणारं डीकेआयएम २००७ मध्ये, आणि मायन्यातल्या पत्त्याशी त्यांची सांगड घालणारं डीमार्क २०१५ मध्ये. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रामना नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करू देणं बंद करायला सुरुवात केली. साध्या स्क्रिप्टला तेव्हापासून अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे एका प्रोग्रामपुरता काढलेला वेगळा पासवर्ड, लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी सगळ्याच पाठवणाऱ्यांवर एसपीएफ किंवा डीकेआयएमची सक्ती केली.

संपर्काच्या फॉर्मची जुनी स्क्रिप्ट इथेच अडते. ती पाठवणारा म्हणून भेट देणाऱ्याचाच पत्ता घालते. तो याहूचा असला, तर २०१४ पासून याहूचं धोरण असा मेल नाकारायला सांगतं. मायन्यात आपल्या डोमेनचा पत्ता आणि भेट देणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर जिथे जावं त्या ओळीत), एवढा बदल केला की ही अडचण सुटते.