इओसिनोफिल (बोलीत: इस्नोफिल)

इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी, पण आपल्याकडे तिला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कुठल्याही दवाखान्यात नंबर लावून बसलं की कानावर येतं ते "इस्नोफिल वाढलेत", आणि ते वाढले की त्याला "इस्नोफिलिया" म्हणतात, जणू मलेरियासारखा वेगळा आजारच. तर तो आजार नाही, सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टातला एक आकडा आहे आणि तो वाढण्यामागे अ‍ॅलर्जी, दमा, जंत, एखादं औषध असं बरंच काही असू शकतं.

नाव दिलं पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरने १८७९ साली. इओसिन नावाच्या गुलाबी-लाल रंगाने या पेशीतले दाणे भडक रंगायचे म्हणून इओसिनोफिल, आणि त्या रंगाचं नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवीवरून, इओसवरून. त्याच्या आदल्याच वर्षी एर्लिखने अ‍ॅलर्जीतली दुसरी मोठी पेशी, मास्ट सेल, हिलाही नाव दिलं होतं. तिच्या पोटातले दाणे बघून त्याला वाटलं की ही खाऊनपिऊन गुटगुटीत झालीये, आणि जर्मनमध्ये त्या अर्थाचा जो शब्द आहे तोच चिकटला. समज चुकीचा निघाला, नाव राहिलं.

एकूण पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल साधारण १ ते ६ टक्के असतात, आणि थेट मोजले तर एका मायक्रोलिटरमध्ये ५०० पेक्षा कमी. टक्क्यापेक्षा हा दुसरा आकडा बघावा कारण बाकीच्या पेशी कमी झाल्या की टक्का उगाच फुगतो. शिवाय या पेशींसाठी रक्त म्हणजे फक्त रस्ता. हाडांच्या मगजात तयार होतात, रक्तात काही तास फिरतात आणि मग आतडं वगैरे ठिकाणी जाऊन बसतात. ठाणे स्टेशनच्या पुलावरची गर्दी बघून घोडबंदरला किती लोक राहतात ते सांगता येत नाही, तसंच रक्तातल्या आकड्यावरून फुप्फुसात नेमके किती आहेत ते कळतंच असं नाही.

यांचं मूळ काम जंतांशी लढायचं. दाण्यांमधली प्रोटीन इतकी जहाल असतात की जंताच्या कातडीला भोकं पडतात, आणि तोच मारा श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर झाला की दमा चिघळतो.

अ‍ॅलर्जीत मात्र इओसिनोफिल पहिले येत नाहीत. गादी-उशीत डोळ्याला न दिसणारे माइट नावाचे बारीक जीव असतात, मुंबई-ठाण्याची दमट हवा त्यांना फार मानवते. त्यांचे कण श्वासात गेले की डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी ते उचलून लसिकाग्रंथीत नेतात, तिथे टी-हेल्पर २ जातीच्या पेशी तयार होतात, त्यांच्या सांगण्यावरून बी पेशी आयजीई नावाची अँटिबॉडी बनवतात आणि ती आयजीई जाऊन मास्ट सेलवर बसते. इथपर्यंत माणसाला काहीही कळत नाही. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट सेल काही मिनिटांत फुटते, हिस्टमिन नावाचं रसायन बाहेर पडतं, शिंका, नाक वाहणं, छातीत घरघर. आपण ज्याला "अंगावर पित्त उठलं" म्हणतो आणि आमसुलाचं पाणी लावतो तेही कातडीतल्या मास्ट सेलचंच काम, पित्ताशयाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इओसिनोफिल येतात दुसऱ्या लाटेत, चार ते आठ तासांनी. टी पेशी आणि त्यांच्या चुलत बहिणी म्हणाव्यात अशा आयएलसी-२ पेशी इंटरल्युकिन-५ नावाचा निरोप धाडतात, तो मगजापर्यंत पोचतो आणि नवीन भरती सुरू होते. दिवाळीच्या आधी माळा झाडला, दुपारी चार शिंका आल्या, गोळी घेऊन बरं वाटलं आणि रात्री झोपताना छाती आवळली, असं होतं ते या दुसऱ्या लाटेमुळे. सेटिरिझिनसारखी गोळी हिस्टमिनला अडवते, पण या गर्दीला ती फारशी थोपवू शकत नाही.

हे सगळं रक्तातल्या कशामुळे तरी होतंय हे पहिल्यांदा नीट दिसलं १९२१ साली. क्युस्टनर या डॉक्टरला मासे चालायचे नाहीत, त्याच्या रक्तातला सीरम (पेशी काढून उरलेलं पाणी) प्राउस्निट्झ नावाच्या सहकाऱ्याने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि मग तिथे माशाचा अर्क लावला तर तेवढीच जागा सुजली. ती वस्तू म्हणजे आयजीई, हे इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये दाखवलं.

माशांवरून आठवलं, कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं आणि अगदी तसंच झुरळात आणि माइटमध्येही असतं. त्यामुळे माइटची अ‍ॅलर्जी असलेल्याची टेस्ट कोळंबीलाही पॉझिटिव्ह येऊ शकते, जरी तो जन्मभर कोळंबीचं कालवण आरामात खात आलेला असला तरी. खाऊन त्रास होत असेल तर कोळंबी बंदच करायची, पण निव्वळ रिपोर्टावरून खाडीकाठच्या माणसाचं ताट बदलायला लावणं म्हणजे जरा अतीच.

आता गंमत अशी की आपल्याकडे खोकला म्हटला की "अ‍ॅलर्जी आहे" हे ठरलेलं, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा इओसिनोफिलचा काही हातच नसतो. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये शिरल्यावर मिरचीने ठसका लागतो ती अ‍ॅलर्जी नाही, मिरचीतलं कॅप्सायसिन थेट नसांच्या टोकांना झोंबतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एमआयडीसीचा धूर, घोडबंदर रोडची बांधकामाची धूळ यांच्याशी आधी झुंजतात त्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या संरक्षक पेशी, आणि ज्यांच्या दम्यात न्यूट्रोफिलच जास्त असतात त्यांना स्टिरॉइडचा पंप म्हणावा तेवढा लागू पडत नाही.

आणि कबुतरं. सोसायटीच्या डक्टमध्ये, एसीच्या मागे, बाल्कनीच्या कोपऱ्यात विष्ठा आणि पिसं साचतात, त्याची धूळ महिनोन्‌महिने श्वासात जात राहिली की काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. नावात सेन्सिटिव्हिटी असली तरी इथे आयजीई आणि मास्ट सेलचा खेळ नाही, इथे फुप्फुसाच्या पार आतल्या फुग्यांत लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी ज्या जातीच्या, त्या पांढऱ्या पेशी) जमतात. शिंका नाहीत, घरघर बहुतेक नाही, फक्त कोरडा खोकला आणि जिना चढताना हळूहळू वाढणारी धाप, रक्तातले इस्नोफिल बहुतेक वेळा नॉर्मल. म्हणून माणूस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या खात बसतो आणि तोवर फुप्फुसाला वण पडायला लागतात, ते मग परत भरून येत नाहीत. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांमधल्या भिंतींच्या आजारांची (आयएलडी) भारतातली नोंदवही २०१७ मध्ये छापून आली, १,०८४ रुग्णांची, आणि त्यात जवळपास ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला. दाणे टाकणाऱ्या काका-काकूंना हे सांगायला गेलं की भांडण होतं ते वेगळं.

उलट टोकाला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया. हत्तीपायाच्या जंतांची पिल्लं फुप्फुसात अडकतात, इओसिनोफिल ३,००० च्या वर जातात, रात्री खोकून खोकून झोप उडते. हे नाव १९४३ पासून रूढ झालं, आणि यावर डायइथिलकार्बामाझिन हे औषध चांगलं लागू पडतं. आपल्याकडे आकडा जरा वाढला की "इस्नोफिलची गोळी" लिहून द्यायची जी जुनी सवय आहे ती बहुधा इथूनच आली असावी. पण ६०० आकडा असलेल्या साध्या सर्दीवाल्याला तिचा उपयोग काय?

औषधांत पेशी मोजून बघण्याचं महत्त्व कळलं ते मेपोलिझुमॅबमुळे. हे इंजेक्शन इंटरल्युकिन-५ ला पकडतं. २००० च्या सुमारास सरसकट दमेकऱ्यांना देऊन बघितलं, इओसिनोफिल कमी झाले पण दम्यात फरक पडेना, आणि औषध गेलंच असं वाटत होतं. मग २००९ मध्ये मुद्दाम इओसिनोफिल जास्त असलेलेच रुग्ण निवडले, तर त्यांचे अ‍ॅटॅक कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. आयजीईला पकडणारं ओमालिझुमॅब त्याआधी, २००३ मध्येच आलं होतं. ही इंजेक्शनं महाग आहेत आणि गंभीर दम्यासाठीच आहेत, बाकी बहुतेकांचं काम रोजच्या स्टिरॉइड पंपावर भागतं, कारण तो इओसिनोफिलना तिथल्या तिथे मारतो. "पंपाची सवय लागते" या भीतीने लोक तो सोडतात आणि फक्त निळा पंप ओढत राहतात, जो नळी तेवढी मोकळी करतो आणि या पेशींना हातही लावत नाही.

रिपोर्ट वाचताना एक बघावं, स्टिरॉइडची गोळी घेतली असेल तर काही तासांत रक्तातले इओसिनोफिल जवळपास गायब होतात, आणि एरवीही ते सकाळी कमी आणि रात्री जास्त असतात. त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा रात्री रक्त दिलं आणि आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच लॅबवाल्याशी भांडू नये.