तलावाची पायरी काय सांगते?

अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपल्याकडचं चक्रीवादळ. ते पोसलं जातं 26.5 अंशांहून गरम समुद्राच्या वाफेवर. जमिनीवर आलं की ती शिदोरी तुटते, वारा ओसरतो. पाऊस मात्र लगेच थांबत नाही. त्यामुळे ठाण्यातल्या तलावकाठच्या वस्तीने वाऱ्याइतकाच पाण्याचाही धसका घ्यावा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तर चक्रीवादळही नव्हतं.

येऊरच्या पायथ्याशी उपवन आहे, तसा एखादा तलाव घ्या. समजा तो 5 हेक्टरचा, आणि त्यात पाणी आणणारा डोंगरउतार 100 हेक्टरचा. 100 मिलिमीटर पाऊस पडला, त्यातलं 30 टक्के पाणी मुरलं, तरी 70 हजार घनमीटर खाली येतं. तलाव 1.4 मीटरने चढेल इतकं! तौक्ते चक्रीवादळ 2021 च्या मे महिन्यात आलं. त्या दिवसांत तलाव उतरलेला असतो, पाणी पोटात मावतं. जुलैअखेर काठोकाठ भरलेल्या तलावातून ते सरळ सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेकडे धावतं. 3 मीटर रुंद सांडव्यावरून 30 सेंटिमीटर पाणी वाहत असेल, तर सेकंदाला साधारण 800 लिटर जातं. या वेगाने 70 हजार घनमीटर जायला पूर्ण दिवस लागतो.

त्यातच सांडव्याच्या तोंडावरच्या जाळीवर निर्माल्य, थर्माकोल आणि पिशव्यांचा थर बसतो. अर्धी जाळी बुजली की विसर्ग जवळपास निम्म्यावर, आणि पाणी कठडा शोधू लागतं. जाळी पावसाआधीच साफ करा. धो धो वाहत्या सांडव्यात काठी घालायला कुणीही उतरू नये. सांडव्याचं पाणी नेणारा नाला पुढे खाडीला मिळतो. भरतीच्या वेळी तिथलं तोंड तुंबतं, म्हणून मोठ्या पावसात भरतीची वेळ आधी पाहून ठेवा.

घाटाच्या पायऱ्यांशेजारी भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला रंगाची रेघ ओढा. दर अर्ध्या तासाला वाचा. अर्ध्या तासात एक रेघ बुडाली आणि रस्त्याला चार रेघा उरल्या, तर हातात दोनच तास आहेत. पाऊस वाढला तर त्याहून कमी. तेवढ्यात लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, तळमजल्याचा मेन स्विच कोरड्या हातांनी, पाणी शिरण्याआधीच पाडा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसवा. तरीही पुराचं पाणी आत गेलंच, तर टाकी उपसून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय पंप लावू नका.