फुटबॉलच्या ड्रेसिंग रूममध्ये विज्ञान कसं शिरलं

१९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलचा संघ स्वीडनला गेला तेव्हा त्यांच्या ताफ्यात एक दंतवैद्य होता आणि एक मानसशास्त्रज्ञही. मानसशास्त्रज्ञाचं नाव जुआंव कार्व्हाल्याएस. साव पावलोत बसचालकांच्या निवडचाचण्या घेण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी खेळाडूंना माणसांची चित्रं काढायला लावली, प्रश्न विचारले आणि निष्कर्ष दिला: १७ वर्षांचा पेले अजून पोरकट आहे, त्याच्यात लढाऊ वृत्ती नाही. कडेने चेंडू नेणारा आक्रमक गारिंशा, त्यालाही खेळवू नये. पेलेने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पोराचा गुडघा बरा असेल तर तो खेळेल, अशा अर्थाचं उत्तर दिलं. सोव्हिएत संघाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात दोघेही उतरले. पेलेने स्पर्धेत ६ गोल केले आणि ब्राझील पहिल्यांदा जगज्जेता झाला.

हा किस्सा सहसा मानसशास्त्राची टर उडवायला वापरतात. पण त्यात चुका दोन होत्या. पहिली हत्याराची: बसचालक निवडताना हवा असतो तो शिस्तीत, अंदाज बांधता येईल असं वागणारा माणूस, आणि गारिंशाचं सगळं भांडवल त्याचा अंदाज न येण्यात होतं. दुसरी चूक जास्त महागाची. चाचणीचा निकाल थेट संघ निवडणाऱ्याच्या हाती गेला. आपण इथे जे बोलू, जे काढू, त्यावर आपली जागा ठरणार हे खेळाडूला कळलं की त्यानंतर मोजलं जातं ते त्याचं सोंग. पुढच्या साठ वर्षांत यंत्रं बदलली, पण ही दुसरी चूक पुन्हा पुन्हा होत राहिली.

त्या काळी इंग्लंडमध्ये संघाचा ‘ट्रेनर’ म्हणजे पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा माणूस. घोटा मुरगळो, डोकं आपटो, उपाय गार पाण्याचाच. सरावात मैदानाला फेऱ्या मारायच्या. अनेक क्लबांत आठवडाभर चेंडू जवळजवळ देतच नसत, म्हणजे शनिवारी खेळाडूला चेंडूची भूक लागेल. भूक लागत असेलही, पण सरावाविना पायातली सफाई गंजते हे कुणी लक्षात घेत नसे.

मोजमापावर पूर्ण संघ उभा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न कीव्हमध्ये झाला. डायनॅमो कीव्हचे प्रशिक्षक व्हॅलेरी लोबानोव्स्की अभियांत्रिकी शिकलेले. त्यांच्या जोडीला शास्त्रज्ञ अनातोली झेलेन्त्सोव्ह. दोघांच्या लेखी संघ ही एक यंत्रणा होती आणि सामना म्हणजे चुकांचा हिशोब. एकूण कृतींपैकी १५ ते १८ टक्क्यांहून अधिक चुका न करणारा संघ हरत नाही, हा झेलेन्त्सोव्ह यांचा ठोकताळा. पडद्यावरचे ठिपके लक्षात ठेवणं, प्रतिसादाचा वेग अशा चाचण्या संगणकावर घेतल्या जात. १९७५ मध्ये कीव्हने युरोपियन कप विनर्स कप जिंकला, ओलेग ब्लोखिनला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर मिळाला. मग १९७६ उजाडलं. हेच खेळाडू क्लबकडून आणि सोव्हिएत संघाकडूनही खेळत होते, आणि त्यांच्यावर शारीरिक कष्टाचा डोंगर रचला गेला. युरोपियन कपमधून सेंट-एटियनने बाहेर काढलं, युरो स्पर्धेतून चेकोस्लोव्हाकियाने. मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये कांस्यावर समाधान मानावं लागलं. शेवटी खेळाडूंनीच बंड केलं. किती धावायचं याचा हिशोब काटेकोर होता, विश्रांतीचा नव्हता. मेहनतीचा फायदा शरीराला विश्रांतीत मिळतो, त्यामुळे हिशोबाचा अर्धा भाग कोराच राहिला होता.

त्याच सुमारास उत्तर युरोपात कमी गाजावाजाचं, पण जास्त टिकाऊ काम चाललं होतं. स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्त साल्टिन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांपासून बनलेल्या इंधनाचा, साठा सामन्याआधी तपासला. आदल्या दिवशी कसून सराव केलेल्यांचा साठा जवळपास निम्मा होता. सामन्यात ते सुमारे ९.७ किलोमीटर हिंडले आणि त्यातलं निम्मं अंतर चालत. साठा भरलेले खेळाडू १२ किलोमीटर गेले आणि चालले फक्त २७ टक्के. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात ते ‘जिद्द कमी पडली’ म्हणून, असं समजणाऱ्यांना हे उत्तर होतं.

आजचा हिशोब यावरच उभा आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ७० किलोच्या खेळाडूला ४२० ते ५६० ग्रॅम. एका मध्यम चपातीत १५ ते २० ग्रॅम धरले तर नुसत्या चपात्यांवर हे भागवायला पंचवीस-तीस चपात्या लागतील. म्हणून भात, बटाटा, केळी, पोहे, फळांचा रस असं विभागून द्यावं लागतं, आणि त्या दिवशी उसळी, तेल, तूप बेतानं, नाहीतर पोट जड होतं. नेहमीची चूक म्हणजे सामन्याच्या दिवशी दाबून खाणं. साठा भरायला साधारण दिवस लागतो. सामन्याच्या तीन-चार तास आधीचं जेवण फक्त वरची भर घालतं.

खेळाडू मैदानावर नेमकं काय करतो, हे मोजलं थॉमस रायली यांनी, लिव्हरपूलमध्ये. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची पद्धत आज गमतीची वाटते. निरीक्षकाने एकाच खेळाडूवर नजर ठेवायची आणि मैदानावरच्या खुणांच्या आधाराने ‘चालला, पळाला, मागे सरकला’ असं टेपरेकॉर्डरवर बोलत राहायचं. हिशोब निघाला तो असा: सरासरी पावणेनऊ किलोमीटरच्या आत-बाहेर अंतर, दर पाच-सहा सेकंदांनी हालचालीत बदल, आणि चेंडू पायाशी असताना कापलेलं अंतर २ टक्क्यांहूनही कमी. एका लयीत मैदानाला फेऱ्या मारण्याचा सराव कशाची तयारी करून घेत होता, हा प्रश्न त्या आकड्यांपुढे उभा राहतो.

डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी मग थांबत-थांबत धावण्याची चाचणी बसवली. आपल्याकडे ती क्रिकेटमुळे घरोघरी पोचली: यो-यो टेस्ट. २० मीटर जायचं, २० मीटर परत यायचं, १० सेकंद पाय मोकळे करायचे, आणि बीपचा वेग वाढत जातो. भारतीय क्रिकेट संघाने लावलेला १६.१ हा निकष म्हणजे २८ फेऱ्या, १,१२० मीटर. अव्वल फुटबॉलपटू त्याच चाचणीत २०.१ च्या आसपास, म्हणजे २,४०० मीटरपर्यंत जातात. क्रिकेटपटू आळशी, असा याचा अर्थ काढायचा नाही. चाचणी मुळात ज्या खेळासाठी बेतली तो खेळच वेगळा.

एवढं ज्ञान असूनही मोठ्या क्लबांच्या दारात ते विसेक वर्षं तिष्ठत राहिलं. १९९६ मध्ये आर्सेन वेंगर प्रशिक्षक म्हणून लंडनच्या आर्सेनलला आले, उकडलेलं चिकन, मासे, भाज्या आणल्या, चॉकलेट बंद केलं. खेळाडूंनी बसमध्ये चॉकलेटसाठी घोषणा दिल्या, पण ऐकलं. प्रयोगशाळांनी जे आधीच सिद्ध केलं होतं ते पटलं एका प्रशिक्षकाच्या शब्दावर.

इटलीच्या एसी मिलानला शहाणपण आलं ते पैशाच्या फटक्यातून. २००० मध्ये रिअल माद्रिदकडून घेतलेल्या फर्नांदो रेदोन्दोचा गुडघा सुरुवातीच्या सरावातच गेला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो खेळू शकला नाही. २००२ मध्ये बेल्जियन कायरोप्रॅक्टर (मणके-सांध्यांवर हातांनी उपचार करणारे) जाँ-पिएर मेर्समान यांच्या देखरेखीखाली ‘मिलानलॅब’ सुरू झाली. तिथे ब्रुनो देमिकेलिस यांची ‘माइंड रूम’ होती. खेळाडू आरामखुर्चीत टेकतो, अंगाला सेन्सर लावलेले असतात, आणि श्वास, ठोके, स्नायूंचा ताण पाहत स्वतःला सैल करायला शिकतो. २००७ मध्ये मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा कर्णधार पाओलो माल्दिनी ३८ वर्षांचा होता. श्रेय सगळं प्रयोगशाळेला देता येणार नाही, पण कार्व्हाल्याएसच्या चाचणीशी ताडून पाहण्यासारखा फरक एकच आहे: इथे आकडा आधी खेळाडूला दिसत होता.

पुढे आकड्यांचा पूर आला. खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये जाकिटात बसणारा जीपीएसचा डबा अधिकृत सामन्यांत वापरायला २०१५ मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने परवानगी दिली. याहून स्वस्त साधनही आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, ० ते १० मध्ये किती जड गेला? ९० मिनिटांचा सराव ‘६’ वाटला तर भार ५४० एकक. हे आठवडाभर मांडलं की कुणाचा भार अचानक उसळला ते दिसतं. घोटाळा होतो तो खरं बोलण्यात. ‘८’ सांगितलं की शनिवारी बाकावर बसवतात असा अनुभव एकदा आला की पोरं निमूटपणे ‘५’ सांगू लागतात. काही वर्षं चालू आठवड्याचा भार आणि गेल्या चार आठवड्यांची सरासरी यांच्या भागाकाराचं खूळ होतं. ०.८ ते १.३ म्हणजे सुरक्षित, असं समजत. संख्याशास्त्रज्ञांनी त्यातले दोष दाखवले तरी अनेक तक्त्यांत ‘सुरक्षित’ म्हणून रंगवलेला तो हिरवा पट्टा अजून दिसतो.

हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंची, गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रँड २००१ पासून युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवतात. २५ जणांच्या संघात हंगामाला साधारण ५० दुखापती होतात. त्यात हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीला १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४ टक्के झाला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले, ही कारणं खरी. पण यावर बिनखर्चाचा उपाय आधीच सापडलेला होता. नॉर्डिक व्यायामात चटईवर गुडघे टेकून उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकायचं, तोल जाईल तिथे हातांवर झेलायचं. डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर याची चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आला: व्यायाम न करणाऱ्या गटात ५२ दुखापती, करणाऱ्यांत १५.

पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे २ सेट. दुसऱ्यात दोनदा, ६ चे २. मग आठवड्यातून तीनदा, वाढवत वाढवत पाचव्या आठवड्यापासून १२, १०, ८ असे ३ सेट. दहा आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा पुरे. फसतं ते इथेच. उत्साही ट्रेनर पहिल्याच दिवशी ३ सेट करून घेतो. ताण घेत लांबणारा स्नायू नंतर दोन-तीन दिवस ठणकतो, खेळाडूला जिना उतरता येत नाही, आणि प्रशिक्षक म्हणतो, बंद करा हे. दुसरी चूक कंबरेतून वाकण्याची. तसं केलं की स्नायूवर भारच येत नाही आणि संख्या मात्र पूर्ण होते. चॅम्पियन्स लीगमधल्या क्लबांची पाहणी झाली तेव्हा हा कार्यक्रम पूर्णपणे राबवणारे क्लब अगदी मोजके निघाले.

मनाच्या बाबतीत दार आणखी उशिरा उघडलं. २००४ मध्ये नवे प्रशिक्षक युर्गन क्लिन्समान यांनी जर्मन संघात अमेरिकन फिटनेस प्रशिक्षक आणले, हान्स-डिटर हर्मान हे मानसशास्त्रज्ञ आणले. रबरी पट्टे बांधून चालणाऱ्या खेळाडूंची वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने जीव दिला. तो अनेक वर्षं नैराश्याशी झगडत होता आणि ते त्याने लपवलं होतं. बाहेर कळलं तर करिअर जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही, अशी त्याला भीती होती. संघाजवळ मानसशास्त्रज्ञ असणं आणि खेळाडूने त्याच्याजवळ तोंड उघडणं यातलं अंतर त्या घटनेने दाखवलं. आज जाणते क्लब करारातच लिहून घेतात की मानसशास्त्रज्ञाशी झालेलं बोलणं प्रशिक्षकापर्यंत जाणार नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

पेनल्टी शूटआउट, म्हणजे बरोबरीतल्या सामन्याचा निकाल आळीपाळीच्या पेनल्टी किकांवर लावणं, हा मानसशास्त्राला मोजता येण्याजोगा सापडलेला तुकडा. १९७० मध्ये तो नियमात आला. त्याआधी नाणेफेकीवर निकाल लागत, १९६८ च्या युरो उपांत्य सामन्यात इटली तशीच पुढे गेली. नॉर्वेचे गाईर युर्देत यांनी मोठ्या स्पर्धांच्या चित्रफिती तपासल्या. गोल झाला तर संघ जिंकेल अशा किकवर यशाचं प्रमाण ९२ टक्के, आणि हुकला तर संघ हरेल अशा किकवर साधारण ६०. अंतर तेच ११ मीटर. शिट्टीनंतर लगेच धावत सुटणारे जास्त चुकतात, सेकंदभर थांबणारे कमी, आणि सगळ्यात घाईत असत ते इंग्लंडचे खेळाडू. १९९० ते २०१२ दरम्यान इंग्लंडने सहा शूटआउट गमावले. तिथे ‘हे सगळं नशीब आहे, याचा सराव करता येत नाही’ असं म्हणायची रीत होती.

२०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी, मानसशास्त्रज्ञ पिप्पा ग्रेंज यांच्या सोबतीने, ती रीत मोडली. क्रम आधी ठरवला, थकलेल्या पायांनी सराव केला, मध्यरेषेपासून चालत येण्याचाही. चेंडू पंच किंवा प्रतिस्पर्ध्याकडून न घेता आपल्याच गोलरक्षकाच्या हातून घ्यायचा. कोलंबियाविरुद्ध ४–३ असा विजय मिळाला. तीन वर्षांनी युरोच्या अंतिम सामन्यात मात्र रॅशफर्ड आणि सांचो यांना १२० व्या मिनिटाला फक्त पेनल्टीसाठी उतरवलं गेलं. सामन्याची लय अंगात मुरलेली नाही, चेंडूला जेमतेम स्पर्श झालेला, आणि आपण का उतरलो हे सगळ्या जगाला ठाऊक. दोघेही हुकले. शेवटची किक १९ वर्षांच्या बुकायो साकाची, तीही अडवली गेली.

६ जुलै २०२४, ड्युसेलडॉर्फ, पुढच्या युरो स्पर्धेत इंग्लंडचं स्वित्झर्लंडविरुद्ध शूटआउट. गोलरक्षक पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर कागद चिकटवलेला, प्रत्येक स्विस खेळाडूपुढे झेप कुठे घ्यायची ते लिहिलेलं. अकांजीच्या नावापुढे ‘डावीकडे’. पिकफर्ड डावीकडे झेपावला आणि चेंडू अडवला. आयव्हन टोनीने चेंडूकडे एकदाही न पाहता, नजर गोलरक्षकावर ठेवून गोल केला. तिसरी किक साकाची होती. त्यानेही गोल केला. इंग्लंड ५–३.