कमिन्सचं इंजिन आहे, म्हणजे गाडी पक्की?

अमेरिकेत साठीला टेकलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, विषय हमखास निघतो. मुलं मार्गी लागलेली, घर रिकामं वाटायला लागलेलं, आणि यलोस्टोनपासून फ्लोरिडापर्यंत निवांत हिंडायची हौस. मग कोणीतरी ठासून सांगतं, "घ्यायची तर डिझेलच. कमिन्सचं इंजिन असतं, डोळे झाकून घ्या." पुण्याकडच्या माणसाला तर हे लगेच पटतं. 1962 पासून किर्लोस्कर कमिन्स म्हणून कोथरूडमध्ये रुजलेलं हे नाव, कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही तेच. घरातल्यासारखं.

इंजिनाबद्दल माझी काही तक्रार नाही. डोळे झाकण्याबद्दल आहे.

एसटीच्या लाल गाडीत वाढलेल्याला यातली मेख पटकन कळेल. चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, टाटाची किंवा अशोक लेलँडची, आणि बॉडी वर्षानुवर्षं बांधली गेली ती एसटीच्याच दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगण्याच्या कार्यशाळेत. इंजिन बिनतक्रार घाट चढतंय, आणि मागच्या सीटवर कानाशी खिडकीची काच खडखडतेय, पावसाळ्यात छपरातून थेंब मांडीवर पडतोय, हे दोन्ही एकाच गाडीत सुखाने नांदायचं. मोटरहोमचं नेमकं असंच आहे. फक्त हिच्या बॉडीत ओटा, न्हाणीघर आणि दोन टीव्ही असतात.

ज्याला इकडे 'डिझेल पुशर' म्हणतात, म्हणजे मागे इंजिन असलेली बसएवढी मोटरहोम, तिची चासी बहुतेक वेळा साउथ कॅरोलायनातल्या गॅफ्नी गावच्या फ्रेटलायनरची किंवा मिशिगनमधल्या शार्लटच्या स्पार्टनची. टिफिनसारखा एखादाच कारखाना काही मॉडेलांसाठी स्वतःची चासी बनवतो. इंजिन कमिन्सचं, गिअरबॉक्स अ‍ॅलिसनचा. अशी चालती चासी मग घर बांधणाऱ्याकडे जाते, आणि घर बांधणारे बहुतेक इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत. थॉरची पलाझो आणि न्यूमारची व्हेंटाना या दोन्ही फ्रेटलायनरच्या चासीवर उभ्या राहतात, दोन्हींत कमिन्सचंच इंजिन. किमतीत मात्र मोठी तफावत. ती तफावत चाकांपेक्षा जास्त भिंतींत असते, आणि विक्रेता मात्र तुम्हाला आधी इंजिनाचं झाकण उघडून दाखवतो.

गाडीलाही हा दुजाभाव ठाऊक असतो. बॅटऱ्या दोन प्रकारच्या: एक संच इंजिन चालू करायला, दुसरा घरातले दिवे-पंप चालवायला. त्यांना तिथले मिस्त्री सरळ 'चासी बॅटरी' आणि 'हाउस बॅटरी' म्हणतात. नोंदीच्या पट्ट्याही दोन, एक अर्धवट वाहन बनवणाऱ्याची, एक ते पूर्ण करणाऱ्याची. त्या दोन्ही पट्ट्यांवरच्या तारखा जरूर वाचा. मोटरहोम 'यंदाचं मॉडेल' म्हणून विकली जाते, पण खालची चासी आदल्या वर्षाची असणं यात काही नवल नाही. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नवीकोरी गाडी डीलरच्या आवारात वर्षभर उन्हात उभी राहिली असेल तर टायर ते लपवू शकत नाहीत.

चासी जोखणं तसं सोपं, कारण तिथे निवड मोजकी आणि आकड्यांत मांडलेली असते. कमिन्सचं बी6.7 इंजिन म्हणजे साधारण 300 ते 360 अश्वशक्ती, एल9 म्हणजे 380 ते 450, आणि अगदी वरच्या गाड्यांत एक्स15, थेट 605 पर्यंत. तुमची गाडी किती जड आणि रॉकी पर्वतात किती वेळा जाणार, एवढ्यावर हा निर्णय होतो. उतारावर काय आहे तेही विचारा: नुसता एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) की त्याहून जोरदार कॉम्प्रेशन ब्रेक (इंजिनातल्या दाबानेच गाडी रोखणारा)? पुढची दोन चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर आहेत की स्वतंत्र सस्पेन्शनवर? चासीचे रूळ, म्हणजे लांबीच्या दोन लोखंडी तुळया, सरळ आहेत की घराखाली उचललेले? उचललेले असतील तर खालचा सामानाचा कप्पा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोकळा मिळतो. यातलं काहीही विक्रेत्याच्या शब्दावर घ्यावं लागत नाही. चासी नंबर द्या, कंपनीच सांगते.

घराचं तसं नाही. तिथे आकडे नाहीत, तिथे हात लागतो.

शोरूममध्ये गेलं की आधी डोळ्यांत भरतो तो ओटा, फरशी, लाकडाची चमक. आमिश, म्हणजे जुन्या साध्या राहणीला धरून असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या, सुतारांचं काम म्हणून कपाटं दाखवतात, आणि त्या भागात आमिश कामगार खरोखरच मोठ्या संख्येने आहेत. पण कपाटाचा दर्शनी भाग कोणी घासला यापेक्षा ते कपाट भिंतीला कशाने धरलंय हा प्रश्न मोठा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. मागची फळी खाचेत बसवलेली आहे की पिना मारून चिकटवलेली? ड्रॉवरच्या पोकळीत हात घाला. लाकडाचा भुसा, तुटके स्क्रू, कापलेल्या वायरचे तुकडे हाताला लागले तर समजा, त्या दिवशी लाइनवर घाई होती. पलंगाखालची फळी उचलून पाणी आणि विजेच्या जोडण्या बघा. वायर लोखंडी कडेवरून जाताना तिच्याखाली रबराची चकती आहे का? नळ्या दर फूट-दीड फुटावर बांधल्यात की लोंबकळताहेत? चालत्या घराला रोज भूकंप सोसायचा असतो, आणि लोंबकळणारी नळी त्या भूकंपात आधी दगा देते.

मग भिंत. बहुतेक भिंती सँडविचसारख्या: बाहेर फायबरग्लासचा पत्रा, त्यामागे पातळ प्लायवूड किंवा अ‍ॅझडेल नावाचं कृत्रिम पॅनेल, मध्ये फोम आणि धातूची चौकट, सगळं दाबून चिकटवलेलं. प्लायवूडमध्ये एकदा पाणी शिरलं की गोंद सोडतो आणि पत्रा फुगतो. त्याला डिलॅमिनेशन म्हणतात, आणि त्याची दुरुस्ती खिसा फाडते. अ‍ॅझडेल पाण्याने कुजत नाही, म्हणून ते कुठल्या मॉडेलमध्ये वापरलंय हे विचारण्यासारखं. फुगवटा समोरून दिसत नाही. भिंतीच्या टोकाशी गाल टेकून उभं राहायचं आणि लांबीच्या दिशेने नजर टाकायची, शक्यतो तिरप्या उन्हात. ऊन नसेल तर टॉर्च भिंतीला समांतर धरायचा. रंग कितीही सुंदर असो, लाट लपत नाही.

छतावर चढायला लाज वाटू देऊ नका. फायबरग्लासचं छत की रबरी पत्र्याचं, हे विचारण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे एसी, अँटेना, झरोके यांच्या कडेला लावलेलं सीलंट. ते जाड, सलग, बुडबुड्यांशिवाय हवं. पाणी मोटरहोमचा वैरी आहे, आणि ते जवळपास नेहमी वरून किंवा स्लाइडच्या कोपऱ्यातून येतं. स्लाइड म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी खोली. ती चार-पाच वेळा आतबाहेर करायला लावा आणि सावकाश ऐका. बाहेर काढलेली असताना आतून दिवे मालवून कोपऱ्यांकडे बघा, उजेडाची रेघ दिसते का. मिटलेली असताना रबरी पट्टीत एक डॉलरची नोट सरकवून ओढा. अलगद निघाली तर तिथून पाणीही तितक्याच अलगद येईल.

पाणीगळती शोधायची उत्तम चाचणी काही दुकानं करतात. गाडीत पंख्याने हवेचा दाब वाढवायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. सायकलचा पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो ना, तेच मोठ्या प्रमाणावर. नव्या गाडीची अशी चाचणी करून द्या म्हटलं तर विक्रेत्याच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत.

दारावरचा आरव्हीआयएचा, म्हणजे मोटरहोम बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, शिक्का काय सांगतो, याबद्दलही मोठा गैरसमज आहे. तो आग, गॅस, पाणी, वीज यांच्या सुरक्षेचे ठरलेले नियम पाळल्याचा शिक्का आहे. ड्रॉवर नीट बसलाय की नाही, सीलंट सलग आहे की नाही, हे तो सांगत नाही.

चासी आणि घर जिथे एकमेकांच्या जिवावर उठतात, ती जागा म्हणजे वजन. चासी बनवणारा सांगतो की एवढं एकूण वजन पेलेन. मग घर बांधणारा त्यातलं किती स्वतःच खाऊन टाकतो, त्यावर तुमच्यासाठी काय उरलं ते ठरतं. दाराजवळच्या एका स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं, आणि पाण्याची भरलेली टाकी सामानातच धरायची अशी सूचनाही. 100 गॅलनची टाकी भरली की सुमारे 830 पौंड, म्हणजे पावणेचारशे किलो, तिथेच संपले. मागे ओढायची छोटी गाडी बांधली तर तिच्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या आकड्यावर, पडणारा भारही त्यातच. आता जी गाडी शोरूममध्ये भक्कम वाटली ती दगडी ओटा, पोर्सेलीनची फरशी आणि भिंतभर स्लाइडमुळे भक्कम वाटली असेल, आणि त्याच कारणाने तिच्या स्टिकरवरचा आकडा लहान असेल. जड म्हणजे मजबूत, ही समजूत इथे उलटी पडते. ट्रकवाल्यांच्या काट्यावर भरलेली गाडी तोलून बघितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही, आणि जमलं तर प्रत्येक चाक वेगळं तोलावं. स्वयंपाकघर आणि फ्रिज एकाच बाजूला असले की ती बाजू झुकते, मग लोक "स्टिअरिंग ओढतंय" म्हणून चासीला दोष देतात.

दोष कोणाचा हे ठरवणं खरंच अवघड अशाही जागा आहेत. समोरची अवाढव्य काच एकाएकी तडकली तर ती दगडाने, की चासी पिळवटली म्हणून, की घराच्या चौकटीत काच चुकीची बसवली म्हणून? गाडी समतल करणारे हायड्रॉलिक पाय चासीला जोडलेले, पण बहुधा घर बांधणाऱ्याने बसवलेले. जनरेटर अनेकदा ओनानचा, म्हणजे पुन्हा कमिन्सचाच, पण त्याची जोडणी घरवाल्याची. तो इंजिनाच्याच टाकीतलं डिझेल पितो, आणि टाकी पाव उरली की बंद पडतो. ही खराबी नाही, मुद्दाम केलेली सोय आहे, तुम्ही रानात अडकू नये म्हणून. पहिल्यांदा बंद पडल्यावर बरेच जण सर्व्हिसला फोन लावतात.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने नवी पुशर घेतली. तिसऱ्या महिन्यात मागच्या खोलीत ओल आली. विकणाऱ्याने सांगितलं, चासीच्या सर्व्हिसकडे न्या, मागे इंजिनाच्या झाकणातून पाणी येत असेल. चासीवाल्यांनी दहा मिनिटांत परत पाठवलं, "आमच्या कामात छप्पर नाही." दोघं महिनाभर या गावातून त्या गावात. काका मला म्हणाले, "अरे, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात तसं झालंय, आणि मांडव आमच्या पैशाचा."

वॉरंटीतही हीच फाळणी. इंजिनाची एक, गिअरबॉक्सची एक, चासीची एक, घराची एक, आणि बहुधा घराचीच सगळ्यांत तोकडी. कॅलिफोर्नियाचा लेमन लॉ, म्हणजे सदोष नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, तर ही रेघ कायद्यातच मारतो: मोटरहोमची चासी आणि ती चालवणारा भाग 'नव्या मोटर वाहना'त येतात, राहण्यासाठीचा भाग त्या व्याख्येतून वगळलेला आहे. 2009 साली फ्लीटवुड आणि मोनॅको ही दोन्ही मोठी नावं दिवाळखोरीत गेली. ज्यांच्या दारात त्यांच्या गाड्या उभ्या होत्या त्यांना कमिन्सचा फिल्टर देशभर कुठेही मिळत राहिला. स्लाइडची ठराविक पट्टी आणि कपाटाचं ठराविक दार शोधताना मात्र दमछाक झाली. म्हणून घर बांधणाऱ्याचा धनी कोण, हेही बघावं. न्यूमार 2019 मध्ये विनेबेगोने घेतली, टिफिन 2020 च्या शेवटी थॉरकडे गेली. नाव तेच राहतं, सवयी तशाच राहतील असं नाही.

मग दोन्ही वेगवेगळं तपासायचं कसं? मी असं करेन. आधी रस्त्यावर नेईन, तासभर तरी, त्यात हायवेही आणि एखादा खराब रस्ताही. रेडिओ बंद. इंजिन चाळीस फूट मागे असल्याने पुढे जो आवाज येईल तो बहुतेक घराचा असेल: दार, भांडी, पडद्याची दांडी, काच. स्टिअरिंग, ब्रेक, चढावरचा दम, झुकणं याकडे लक्ष चालवणाऱ्याचं. खडखडाट कुठून येतोय याकडे मागे बसलेल्याचं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, वेगळ्या वह्यांत लिहायचं. परत आल्यावर डीलरच्याच आवारात 50 अ‍ॅम्पियरची वीज, पाणी, सांडपाणी सगळं जोडून एक रात्र तिथेच झोपायचं. दोन्ही एसी, मायक्रोवेव्ह आणि गरम पाणी एकदम चालू. दोघांनीही आंघोळ. रात्री पाण्याचा पंप कोणीही नळ उघडलेला नसताना आपोआप गुरगुरला तर कुठेतरी थेंब थेंब गळतंय.

सकाळी चहा होईपर्यंत पुन्हा एकदा सगळे कप्पे उघडून कोपरे बोटाने चाचपायचे, ओल आहे का ते. आणि विक्रेता कागद घेऊन आला की त्याच्या हातात आधी त्या दोन वह्या द्यायच्या.